काकांची कापलेली एक्स-रे फिल्म

मागच्या महिन्यात चार दिवस सुट्टी टाकून घरी जाऊन आलो. घरी म्हणजे नागपूरला, सक्करदऱ्याला. पुण्यात कुणाला सक्करदरा सांगितलं की आधी साखरेवरून एक विनोद होतो आणि मग "म्हणजे नक्की कुठे?" हा प्रश्न येतो. तर मंडळी, उमरेड रोडवर, मेडिकलपासून फार लांब नाही, भोसल्यांच्या काळातला तलाव आणि बुधवारचा बाजार असलेली ही आमची वस्ती. चौकात आता उड्डाणपूल झालाय, पण बुधवारी भाजीवाल्यांची गर्दी होती तशीच आहे.

या वेळी घरी जाण्यात एक काम होतं. माझ्या डॉक्टरांनी विचारलं होतं, "तुमच्या काकांचे जुने एक्स-रे आहेत का घरी? असले तर एकदा बघायला आवडतील." काकांकडे एक लोखंडी पेटी आहे. तिच्यात घराचे कागद, वीजबिलं, कुणाकुणाच्या लग्नपत्रिका आणि तळाशी खाकी पाकिटांत एक्स-रे फिल्म. मी पेटी उपसायला घेतली तसे काका दारात येऊन उभे राहिले.

"अबे, कायले उपसून राह्यला ते सारं?"

"काका, तुमचे एक्स-रे पाहिजेत. डॉक्टरांनी मागितले."

"मंग घे नं. भंगारवाला दोनदा मागून गेला, चांदी निघते म्हणे त्यातून. मी नाही देल्ले."

काका बोलताना माझ्याकडे बघायला मान वळवत नाहीत, अख्खे वळतात. मान वळतच नाही. लहानपणापासून आम्ही त्यांना असंच बघत आलोय, त्यामुळे त्यात काही वेगळं आहे हे मला फार उशिरा कळलं. त्यांच्या आजाराचं नाव अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, थोडक्यात एएस. हा मणक्याचा, दाहामुळे होणारा संधिवात. दोन वर्षांपूर्वी तोच मलाही निघाला.

लगेच हळहळू नका, मी बरा आहे :-) पण तेव्हापासून या आजाराचा इतिहास वाचायचं वेड लागलंय. त्यातून एक गोष्ट लक्षात आली. हा आजार इतका सावकाश चालतो की एका फोटोत तो नीट सापडत नाही. आजच्या फोटोशेजारी कालचा फोटो ठेवावा लागतो. आणि कालचा फोटो कुणीतरी जपून ठेवलेला असावा लागतो. या वीकांताचा लेख त्याबद्दल.

गोष्ट सुरू होते १६९० च्या दशकात, एका सांगाड्यापासून. इकडे राजाराम महाराज जिंजीच्या वेढ्यात होते, त्या सुमारास फ्रान्समध्ये बर्नार्ड कॉनर नावाच्या एका आयरिश डॉक्टरला एक विचित्र सांगाडा मिळाला. कमरेची हाडं, त्रिकास्थी आणि त्यावरचे पंधरा मणके असं सगळं मिळून एकच सलग हाड झालं होतं. कॉनरने त्याचं वर्णन छापलं. जिवंतपणी या माणसाला वाकता येत नसणार, कुशीवर वळता येत नसणार, असा अंदाजही त्याने बांधला. पण त्याच्याकडे होता फक्त शेवट. तो माणूस तिथवर कसा पोचला, किती वर्षं लागली, कुठून सुरुवात झाली, याची काहीच नोंद नाही.

पुढची दोनशे वर्षं साधारण हीच परिस्थिती होती. मग १८९३ साली रशियात बेख्तेरेव, १८९७ मध्ये जर्मनीत स्ट्रम्पेल आणि १८९८ मध्ये फ्रान्समध्ये पिएर मारी अशा तिघांनी जिवंत रुग्णांमधल्या या आजाराची वर्णनं केली. तिघांची नावं आजही त्याला चिकटलेली आहेत. या तारखांच्या बरोब्बर मध्ये, ८ नोव्हेंबर १८९५ ला, राँटजेनला एक्स-रे सापडले. म्हणजे आजाराची ओळख आणि तो बघायचा डोळा, दोन्ही एकाच दशकातले.

तरीही डॉक्टरांना नेमकं कुठे बघायचं हे कळायला आणखी तीसेक वर्षं गेली. सगळे कण्याकडे बघत होते. आजार बहुतेक वेळा सुरू होतो कण्याच्या तळाशी, त्रिकास्थी आणि कमरेचं हाड जुळतं त्या सांध्यात. त्याचं नाव सॅक्रोइलिॲक, आपण एसआय म्हणू. या सांध्याच्या कडा आधी पुसट होतात, मग कुरतडल्यासारख्या दिसतात आणि शेवटी सांधाच दिसेनासा होतो. हे १९३० च्या दशकात एक्स-रेवरून ध्यानात आलं. पुढे त्याला ० ते ४ अशा पायऱ्या दिल्या गेल्या. ० म्हणजे ठीकठाक, १ म्हणजे संशय, ४ म्हणजे पूर्ण जुळून गेलेला. १९८४ साली ठरलेले 'सुधारित न्यूयॉर्क निकष' याच पायऱ्यांवर उभे आहेत. दोन्ही बाजूंना किमान २, किंवा एका बाजूला ३ किंवा ४, आणि जोडीला लक्षणं, तरच एएस म्हणायचं.

इथे एक काळं पान आहे, ते वगळून चालणार नाही. एक्स-रे नुसता बघायला वापरला गेला नाही, या आजारावर उपचार म्हणूनही वापरला गेला. कण्यावर मारा केला की दुखणं कमी व्हायचं, म्हणून ब्रिटनमध्ये १९३० ते ५० च्या दशकांत हजारो रुग्णांना तो दिला गेला. मग कोर्ट ब्राऊन आणि रिचर्ड डॉल या दोघांनी अशा १३ हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या, त्यांचं पुढे काय झालं ते शोधलं आणि १९५७ साली निष्कर्ष मांडला की यांच्यात रक्ताचा कर्करोग अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त आहे. किरणोत्सर्गाच्या धोक्याबद्दल आज जे ठाऊक आहे त्यातला मोठा भाग या लोकांच्या पाठीतून आलाय. तेही कशामुळे कळलं? कुठल्यातरी कपाटात कुणीतरी जुने कागद तारखेसकट ठेवले होते म्हणून.

आता परत सक्करदऱ्याला येऊ. पेटीतून निघाली पाकिटं दोन. एकावर १९८९, दुसऱ्यावर २०११.

१९८९ ला काका तेवीस वर्षांचे होते. पहाटे चार वाजता कंबर धरायची, उठून अंगणात फेऱ्या मारल्या की तासाभराने सुटायची. घरच्यांना वाटायचं पोरगा लवकर उठून फिरतोय, चांगली सवय आहे :-) एका दवाखान्यात एक्स-रे काढला. पाकिटातल्या चिठ्ठीवर टाइप केलंय की हाडांत दोष नाही. मग सायटिका म्हणून वजनं लावून झाली, महिनाभर झोपून राहायचा सल्ला मिळाला. या आजारात झोपून राहणं म्हणजे दुखण्याला खतपाणी. साध्या पाठदुखीला विश्रांतीने आराम पडतो, एएसचं दुखणं विश्रांतीने वाढतं आणि हालचालीने कमी होतं. (दिवसभर खुर्चीत बसून पाठ धरणाऱ्या तमाम आयटीवाल्यांनो, हा फरक लक्षात ठेवा. चाळिशीच्या आत सुरू झालेलं, तीन महिन्यांहून जास्त टिकलेलं, पहाटे जागं करणारं आणि चालल्यावर सुटणारं दुखणं असेल तर खुर्ची बदलून भागणार नाही. संधिवाताच्या डॉक्टरकडे जा.)

पुण्याला आल्यावर माझ्या डॉक्टरांनी ती १९८९ ची फिल्म उजेडावर धरली आणि बराच वेळ बघितली. म्हणाले, "आता मला पुढचं माहीत आहे म्हणून मी दोन्हीकडे ग्रेड दोन म्हणेन. त्या दिवशी नुसती हीच फिल्म हातात असती तर मीही काय म्हटलं असतं, सांगता येत नाही." मला वाटलं, व्यवसायबंधूला सांभाळून घेतायत. नंतर वाचलं की २००३ साली नेदरलँड्समध्ये याचीच परीक्षा घेतली गेली होती. रेडिऑलॉजिस्ट आणि संधिवाततज्ज्ञ दोघांनाही एसआय सांध्याच्या फिल्म वाचायला दिल्या, मग प्रशिक्षण दिलं आणि परत वाचायला दिल्या. प्रशिक्षणाने फारसा फरक पडला नाही. सुरुवातीच्या पायऱ्या ओळखणं इतकं निसरडं आहे.

एका फिल्मवर विसंबून किती फसायला होतं याचा सगळ्यात भारी नमुना म्हणजे इजिप्तचा राजा रामसेस दुसरा. १९७० च्या दशकात त्याच्या ममीचे एक्स-रे निघाले आणि महाराजांना एएस होता असं जाहीर झालं. पाठ्यपुस्तकांपर्यंत गोष्ट पोचली. २००४ साली त्याच फिल्म पुन्हा तपासल्या तेव्हा लक्षात आलं की एसआय सांधे तर मोकळेच आहेत. हा वयोमानाने होणारा दुसराच प्रकार, ज्यात मणक्यांच्या पुढच्या बाजूने हाड ओघळल्यासारखं वाढतं. २०१४ मध्ये छापून आलेल्या सीटी स्कॅनच्या अभ्यासातही तेच निघालं. बिचारा राजा तीन हजार वर्षांनी एका आजारातून बरा झाला!

बरं, मग फिल्म किती बिघडली हे मोजायचं कसं? आमच्या धंद्यात दोन फाइल्स शेजारी ठेवून फरक काढतात, इथेही तेच करतात. १९९१ पासून इंग्लंडच्या स्टोक गावाच्या नावाची एक गुणपद्धत आहे, तिची सुधारित आवृत्ती २००५ ची. मानेचे आणि कमरेचे मिळून मणक्यांचे २४ कोपरे बघायचे, प्रत्येकाला ० ते ३ गुण द्यायचे. कोपरा झिजला किंवा चौकोनी झाला तर १, हाडाचं टोक बाहेर आलं तर २, वरच्या आणि खालच्या मणक्याची टोकं जुळून पूल झाला तर ३. जास्तीत जास्त ७२. छातीमागचे मणके यात नाहीत, कारण साध्या एक्स-रेत फुप्फुसं आड येतात. (तिथेही बरीच वाढ होते हे अलीकडे कमी किरणांच्या सीटीने दाखवलं. सीटीचा जनक हाउन्सफील्ड हा इंजिनिअर होता, हे जाता जाता सांगून ठेवतो. कॉलर टाइट!)

१९९६ साली नेदरलँड्स, बेल्जियम आणि फ्रान्समधले दोनशेच्या वर रुग्ण घेऊन ओएसिस नावाचा अभ्यास सुरू झाला. ठरावीक वर्षांनी फिल्म काढायची आणि जपून ठेवायची, इतकंच. बारा वर्षांचा हिशेब लागला तेव्हा सरासरी वाढ निघाली वर्षाला साधारण एक गुण. ७२ पैकी एक! पण ती सरासरी. जवळपास पाव रुग्णांत बारा वर्षांत काहीच वाढ नव्हती आणि काहींची गाडी भलत्याच वेगात होती. म्हणूनच दोन वर्षांच्या आत परत एक्स-रे काढण्यात सहसा अर्थ नसतो. तेवढ्यात दिसण्याजोगं काही घडलेलंच नसतं.

या साठवलेल्या फिल्मचा खरा उपयोग पुढे झाला. २००० नंतर टीएनएफ नावाच्या दाह वाढवणाऱ्या रेणूला अडवणारी इंजेक्शनं या आजारावर आली. वर्षानुवर्षं आखडलेली माणसं काही आठवड्यांत मोकळी हालचाल करू लागली. प्रश्न होता की हाड वाढायचं थांबतं का? खात्री करायची तर निम्म्या रुग्णांना दोन वर्षं औषधाविना ठेवावं लागलं असतं, आणि इतका गुण दिसत असताना ते बरोबर नव्हतं. मग संशोधकांनी ओएसिसच्या जुन्या फिल्म काढल्या आणि त्यांच्याशी तुलना केली. उत्तर निराश करणारं आलं, दोन वर्षांत काही फरक नाही. दुखणं थांबलं, हाड मात्र वाढतंय. पुढे २०१३ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या रुग्णांना जास्त वर्षं बघितल्यावर चित्र बदललं. औषध घेणाऱ्यांमध्ये वाढीची शक्यता जवळपास निम्मी निघाली आणि लवकर सुरू केलं तर फायदा जास्त. दोन वर्षांत जे दिसलं नव्हतं, ते दिसायला जास्त वर्षं थांबावं लागलं.

एक्स-रे म्हणजे झालेल्या गोष्टींचा दप्तरखाना. हाडात बदल होऊन गेल्यावर तो नोंद करतो. आत्ता काय चाललंय हे बघायला एमआरआय लागतो. भारतात पहिलं एमआरआय यंत्र आलं १९८६ च्या सुमारास, दिल्लीला. एसआय सांध्यासाठी जगातच त्याचा वापर सुरू झाला १९९० च्या दशकात. एका विशिष्ट पद्धतीने चित्र घेतलं की चरबीचा उजेड दाबला जातो आणि जिथे दाह आहे, पाणी आहे, तो हाडाचा भाग पांढरा चमकतो. एक्स-रे साफ असताना कित्येक वर्षं आधी हे दिसू शकतं. २००९ साली आंतरराष्ट्रीय निकषांत एमआरआयला जागा मिळाली, म्हणजे सांधा बिघडेपर्यंत वाट बघायची गरज उरली नाही. काकांची फिल्म १९८९ ची. वीस वर्षांनी चुकामूक झाली.

पण यंत्राच्याही आधी एक गोष्ट लागते, ती म्हणजे कुणीतरी विचारणं. पुणेकर हिवाळ्यात फ्लेमिंगो बघायला भिगवणला जातात. त्याच भिगवणमध्ये १९९६ साली पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रांच्या चमूने घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहभागातल्या पद्धतीची ही पाहणी. आधी गावातलेच प्रशिक्षित कार्यकर्ते प्रत्येक घरी जाऊन विचारणार, कुठे दुखतं, कधीपासून. ज्यांना दुखतं त्यांची जास्त माहिती घेणार आणि मग तज्ज्ञ तपासणार. गावाकडच्या दुखण्याची इतकी नीट मोजदाद आपल्याकडे तोवर फारशी झाली नव्हती. एक्स-रे यात शेवटी येतो, तोही गरज असेल तरच. काकांना १९८९ मध्ये "चालल्यावर बरं वाटतं का?" एवढं कुणी विचारलं असतं तर? असो. जर-तरला अर्थ नाही.

आता माझं. दोन वर्षांपूर्वी माझा एक्स-रे जवळपास साफ होता, एमआरआयमध्ये मात्र दोन्ही एसआय सांध्यांभोवती पांढरे ढग. गोळ्यांनी भागेना म्हणून टीएनएफचं इंजेक्शन सुरू झालं. ते सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि टीबीची तपासणी झाली, कारण या औषधाने शरीरात दबून बसलेला टीबी उठू शकतो, आणि आपल्या देशात ही शक्यता हसण्यावारी नेण्यासारखी नाही. माझं औषध आहे अडालिमुमॅब. त्याची जगातली पहिली स्वस्त प्रतिकृती डिसेंबर २०१४ मध्ये अहमदाबादच्या कंपनीने बाजारात आणली. तरीही खिशाला चटका बसतोच, पण परवडवता येतं. काकांच्या उमेदीच्या वर्षांत हे औषधच नव्हतं.

वर्षभराने दुसरा एमआरआय झाला. डॉक्टरांनी दोन्ही पडद्यावर शेजारी लावले. डावीकडे ढग, उजवीकडे एक पुसट ठिपका. ते म्हणाले, "एक्स-रेत बदल नाही." आयुष्यात कुठल्याच रिपोर्टने मला इतका आनंद दिला नव्हता. नोकरीत 'काही बदल नाही' असा शेरा मिळाला असता तर पगारवाढ गेली असती :-)

काकांच्या २०११ च्या फिल्मवर एसआय सांधे शोधून सापडत नाहीत. कमरेचे मणके एकमेकांना जुळून वेळूच्या पेरांसारखे दिसतात. पुस्तकात या अवस्थेला बांबू स्पाइनच म्हणतात. डॉक्टरांनी दोन्ही फिल्म बघून विचारलं, "मधली नाही का एखादी?"

मधली होती. १९९८ ची. तिच्यावरूनच काकांना आजाराचं खरं नाव कळलं होतं, नऊ वर्षांनी. ती कुठे गेली हे मला पक्कं माहीत आहे.

१५ जानेवारी २०१० ला, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, सूर्यग्रहण होतं. दक्षिणेत कंकणाकृती, आमच्याकडे खंडग्रास. मी सातवीत. ग्रहण बघायला काळी काच हवी होती. कुणीतरी म्हणालं एक्स-रे चालतो. मी पेटीतून वरचं पाकीट काढलं, कात्रीने फिल्मचे चार तुकडे केले आणि गल्लीतल्या पोरांना वाटले. गच्चीवर उभे राहून आम्ही काकांच्या कमरेतून सूर्य बघितला. (एक्स-रे फिल्ममधून सूर्याकडे कधीही बघू नका, डोळे जाऊ शकतात. आमचे राहिले हे नशीब.) एवढ्या वर्षांत हे मी घरात कुणाला बोललो नव्हतो.

परवा फोनवर काकांना सांगून टाकलं. दोन मिनिटं शांतता. मग म्हणाले, "मले मालूम होतं बे. तुकडे गच्चीवर सापडले होते."

"मग रागावला का नाहीत?"

"कायले रागावू? मले तं वरती पाहताच येत नव्हतं. तुमी पाह्यलं नं ग्रहण, झालं."

यावर मला काहीच बोलता आलं नाही. थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं, "मंग त्या मधल्या फोटोबिगर तुह्यं काही अडते काय?"

माझं अडत नाही, हे खरं आहे. एकाच घरात आजाराची चाल वेगवेगळी असते. १९७३ साली सापडलेला एचएलए-बी२७ नावाचा जनुकीय घटक आम्हा दोघांतही आहे, पण काकांच्या फिल्मवरून माझं पुढचं कुणी सांगू शकत नाही. काकांचा सांधा नेमका कधी जुळला, नव्वदच्या दशकात की त्यानंतर, हे मात्र आता कधीच कळणार नाही. बावीस वर्षांत दोनच नोंदी, आणि मधली कापली मी.

तर शेवटी एक विनंती. आईवडिलांच्या पेट्या एकदा उघडा. फिल्म भंगारात देऊ नका, निदान त्यांचे नीट फोटो काढून तारखेसकट ठेवा. एमआरआयची सीडी मिळते तिची प्रत करून घ्या. आताच्या लॅपटॉपला सीडी लावायची सोयच नसते आणि पाच वर्षांनी ती सीडी चालेल याची खात्री नाही. माझ्या दोन्ही एमआरआयच्या मूळ फाइल्स तीन ठिकाणी ठेवल्या आहेत. काकांच्या दोन फिल्म स्कॅन करून घेतल्या आणि मूळ फिल्म त्यांना कुरिअरने परत पाठवल्या. पोचल्याचा फोन आला काल. पाकिटांवर मोठ्या अक्षरांत साल लिहिलं म्हणाले, आणि पेटीला कुलूपही लावलं.